एनटीसीमध्ये वक्र उठला तर

पीसीआरच्या (डीएनएच्या प्रती वाढवून तो शोधायच्या चाचणीच्या) रनमध्ये एनटीसीचा, म्हणजे नमुना न घातलेल्या नळीचा, वक्र ३६-३७ व्या सायकलला वर गेला, म्हणजे तिच्यात कुठून तरी डीएनए शिरल्याची शंका आली, की 'उशिरा आलंय, चालतंय' म्हणून रिपोर्ट सोडू नका. त्या रनमधले उशिरा आलेले पॉझिटिव्ह रोखून धरा. आधी रॉ डेटा बघा: वक्र खरंच एस-आकाराचा आहे की नुसती बेसलाइन (सुरुवातीची सपाट रेषा) सरकलीय? खरा असेल तर प्रायमर (डीएनएचा ठरलेला भाग पकडणारे छोटे तुकडे), मास्टरमिक्स (एन्झाइम वगैरेंचं तयार मिश्रण), पाणी यांची उघडलेली अलिकोट (छोट्या नळ्यांत वाटून ठेवलेले भाग) फेकून नव्यांवर तीन-चार एनटीसी लावा. तरीही वक्र आला, तर संशय पिपेट आणि हूडवर (मिश्रण बनवायच्या बंदिस्त पेटीवर).

पुसायला नुसतं स्पिरिट घ्यायची सवय सगळीकडे दिसते. त्याने जंतू मरतात, डीएनए जागचा हलत नाही. ताजं ब्लीच, एकास नऊ पाणी, दहा मिनिटं ठेवा. मग पाण्याने पुसा, नाहीतर धातू गंजतो. गुआनिडीनचा लायसिस बफर (पेशी फोडायचं द्रावण) सांडला असेल तिथे मात्र ब्लीच अजिबात नको, विषारी वायू निघतो.

यूएनजीवाला (युरॅसिल असलेला डीएनए तोडणारं एन्झाइम घातलेला) मास्टरमिक्स मदतीला येतो, पण डीयूटीपी (युरॅसिलवाला घटक) घालून बनलेल्या जुन्या अ‍ॅम्प्लिकॉनपुरताच (आधीच्या रनमध्ये बनलेल्या डीएनएच्या प्रतींपुरताच). शेजारच्या नमुन्यातून उडालेला थेंब तो ओळखत नाही. आणि रन संपलेली प्लेट मिश्रण बनवायच्या खोलीत कधीच उघडू नका.