उन्हाळ्यातला तमाशा पुणेकराने कसा ऐकावा

उघड्यावरचे गाणे म्हटले की पुणेकराला डिसेंबर आठवतो, कारण १९५३ पासून चालत आलेल्या सवाई गंधर्व महोत्सवाने आपल्याला थंडी, शाल आणि मांडव यांची सवय लावली आहे. उन्हाळ्यात हाच रसिक वातानुकूलित सभागृहात जाऊन बसतो. प्रत्यक्षात गुढीपाडवा उलटला की पुणे जिल्ह्यात गावोगावच्या यात्रा सुरू होतात आणि चैत्र-वैशाखाच्या रात्री ढोलकी, हलगी, तुणतुणे व संबळ यांनी भरून जातात. तमाशाकडे पाहण्याची गोष्ट म्हणून न जाता ऐकण्याची गोष्ट म्हणून जावे, एवढेच या लेखाचे सांगणे आहे. पुढची सारी तयारी त्यासाठीच आहे.

पहिले काम तारखेचे. यात्रा तिथीने ठरतात, त्यामुळे इंग्रजी तारीख दरवर्षी बदलते आणि मागच्या वर्षीच्या आठवणीवर विसंबून निघालेला माणूस रिकाम्या मैदानात पोहोचतो. गावातल्या ओळखीच्या माणसाकडून यात्रेची पत्रिका मागवून घ्यावी. तिच्यात छबिना (देवाच्या पालखीची मिरवणूक), लोकनाट्य तमाशा, दुसऱ्या दिवशी सकाळची हजेरी, म्हणजे सकाळचा तमाशा, आणि दुपारच्या कुस्त्या असा क्रम वेळांसह दिलेला असतो. फार लांबही जावे लागत नाही. संगणक कंपन्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या हिंजवडीत चैत्र पौर्णिमेच्या सुमारास म्हातोबाचे बगाड (लाकडी गाड्याची मिरवणूक) निघते, हे तिथे रोज कामाला जाणाऱ्या अनेकांना ठाऊक नसते. तमाशाचे मोठे ठाणे पाहायचे असेल तर पुण्याहून सुमारे ७५ किलोमीटरवर, नाशिक रस्त्यावर जुन्नर तालुक्यात असलेले नारायणगाव गाठावे. प्रसिद्ध तमाशा कलावंत विठाबाई नारायणगावकरांच्या या गावात हंगामाच्या तोंडावर फडमालकांच्या, म्हणजे तमाशा मंडळांच्या मालकांच्या, राहुट्या लागतात आणि गावोगावच्या यात्रा समित्यांचे लोक तिथे येऊन सुपाऱ्या, म्हणजे कार्यक्रमांचे करार, ठरवतात. वाकडेवाडीच्या स्थानकावरून नाशिककडे जाणारी एसटी तिथे नेते. परतीची सोय मात्र आधीच पाहून ठेवावी, कारण कार्यक्रम सुटेपर्यंत रात्र बरीच झालेली असते.

गावाने सुपारी दिलेला कार्यक्रम सर्वांना खुला असतो, तर कनातीत होणाऱ्या तंबूच्या खेळाला तिकीट लागते. चौफुल्यासारख्या ठिकाणच्या कलाकेंद्रांत होणारी संगीतबारी हा लावणीच्या बैठकीचा वेगळा प्रकार आहे. इथे आपण बोलतो आहोत ते ढोलकीच्या फडाबद्दल, म्हणजे गण (गणेशस्तवन), गवळण (कृष्ण-गवळणींचा प्रवेश) आणि वग (कथानाट्य) असा पूर्ण तमाशा करणाऱ्या मंडळीबद्दल.

वेळेच्या बाबतीत बहुतेक जण फसतात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या काळात उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, आणि राज्य सरकारने निवडलेल्या मोजक्या दिवसांपुरतीच, वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस, १२ वाजेपर्यंतची सवलत देता येते. त्यामुळे ‘तमाशा काय, उशिराच रंगतो’ ही जुनी समजूत आता उपयोगाची नाही. मी एकदा याच समजुतीने जेवूनखाऊन निवांत पोहोचलो, तेव्हा गण-गवळण आटोपून वग उरकण्याची घाई चालली होती. खरे तर ऐकणाऱ्यासाठी पहिला पाऊण तासच सर्वांत मोलाचा असतो. आरंभी ढोलकी आणि हलगी यांची सलामी झडते, मग शाहीर गण उचलतो आणि मागे साथ देणारे सुरते व झीलकरी ‘जी जी’ची झील अशा उंच पट्टीत धरतात की मैदानातली कुजबुज आपोआप थांबते. त्या गोंगाटात तुणतुण्याची एकच तार सूर सांभाळत असते. तिच्याकडे मुद्दाम कान द्यावा, कारण ती एकदा सापडली की गायकाची चढाई किती अवघड आहे ते कळू लागते. गवळणीत मावशी आणि पेंद्या यांची थट्टा चालते, पण तिथेही विनोदाचा शेवटचा शब्द आणि ढोलकीची थाप किती नेमकेपणाने एकत्र पडतात, ते ऐकण्यासारखे असते.

कार्यक्रमाआधी अर्धा तास गेल्यास आणखी एक गोष्ट पाहायला मिळते. चामडे कोरड्या उष्णतेने ताणले जाते आणि आवाज चढतो. दमट हवेत ते सैलावते आणि आवाज बसतो. म्हणून हलगीवाला जाळावर हलगी शेकून घेतो आणि ढोलकीवाला शाईची (काळा लेप दिलेली) बाजू पुन्हापुन्हा ठोकून सुरात आणतो. वळवाची सर येऊन गेलेल्या संध्याकाळी हा खटाटोप दुपटीने चालतो. अशा वेळी कलावंतांशी दोन शब्द बोलावेत, मात्र राहुटीत विचारल्याशिवाय डोकावू नये आणि परवानगीवाचून मोबाइल रोखू नये.

बसण्याची जागा विचारपूर्वक निवडावी. रंगमंचाच्या दोन्ही बाजूंना उभ्या केलेल्या ध्वनिक्षेपकांच्या भिंतींसमोर बसलेल्याला ढोलकीचा फक्त धडधडाट मिळतो. मधोमध, रंगमंचापासून पंधरा-वीस पावलांवर बसले तर शाईची टणत्कारी बाजू आणि धुमाची घुमणारी बाजू वेगवेगळ्या ऐकू येतात. फारच गर्दी असेल तर सरळ मागे, एखाद्या उंचवट्यावर जावे. दिवसभर तापलेली जमीन रात्री निवू लागली की जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड होते, आवाज वर निघून जाण्याऐवजी खाली वळतो आणि दूरवर स्पष्ट पोहोचतो. शेजारच्या वाडीवर खाटेवर पडल्या पडल्या गण ऐकणारी म्हातारी माणसे याच्याच आधारावर तमाशा ऐकत आली आहेत.

सामान थोडेच घ्यावे: सतरंजी, पाणी, उपरणे, विजेरी. सतरंजी जाड असावी. यात्रेत रंगीत बर्फगोळा खुणावतो, पण बर्फ कोणत्या पाण्याचा हे विचारायची सोय नसते. घरून कैरीचे पन्हे नेलेले बरे.

खरी काळजी घ्यायची ती वळवाची. पुण्यात १९२८ पासून असलेल्या सिमला ऑफिसच्या वेधशाळेच्या अंदाजाची चेष्टा करणे हा आपला जुना छंद असला, तरी एप्रिल-मेमध्ये निघण्यापूर्वी तो पाहावाच. पाषाणच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ ॲप आसपास वीज कोसळण्याची सूचना देते. वीज चमकल्यापासून ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर कनातीच्या लोखंडी खांबांपासून आणि एकट्या झाडापासून दूर होऊन पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जावे. रंगात आलेली लावणी सोडवत नाही हे खरे, पण फड पाऊस ओसरल्यावर पुन्हा उभा राहतो.

लावणी आवडली तर दाद शब्दांनी द्यावी. दौलतजादा, म्हणजे बक्षिसाचे पैसे, द्यायचीच असेल तर ती शिस्तीने, फडाच्या रीतीप्रमाणे पोहोचवावी. नोटा उधळणे कलावंतालाही अपमानाचे असते आणि ढोलकीचा लयीचा धागाही तुटतो. फर्माईश मात्र जरूर करावी, विशेषतः जुन्या चालीच्या लावणीची.

ज्यांना रात्रीचा प्रवास झेपत नाही किंवा मुलांना घेऊन जायचे आहे, त्यांनी हजेरीला जावे. सकाळच्या या कार्यक्रमात गर्दी कमी असते आणि तिथे गावातली जाणकार मंडळी पुढे बसलेली असतात. दहानंतर ऊन चटका देऊ लागते, तेव्हा देवळाच्या ओवरीत किंवा आंब्याखाली विसावा घ्यावा आणि निघण्याची घाई करू नये, कारण दुपार कलली की कुस्त्यांच्या आखाड्यावर हलगी घुमू लागते, आणि ती ध्वनिक्षेपकावाचून ऐकायला मिळते.