परदेशी सहकाऱ्यांचे चेहरे लक्षात कसे ठेवावेत

टोरंटोतल्या माझ्या पहिल्या नोकरीत चिनी वंशाच्या दोन सहकारी होत्या. एकीचे वडील आजारी होते. मी चौकशी केली ती दुसरीजवळ. “माझे वडील जाऊन सहा वर्षं झाली,” ती शांतपणे म्हणाली. तिचा तो चेहरा मात्र मी आजतागायत विसरले नाही.

“ते सगळे सारखेच दिसतात” असं आपण सहज म्हणतो. दोष डोळ्यांचा नसतो. ‘चिनी’, ‘गोरा’, ‘आफ्रिकन’ हा शिक्का मारला की आपण बघणंच थांबवतो. म्हणून सुरुवात भेटीच्या आधीच करा: “माझी इथे गल्लत होते, आज नीट बघायचं” असं मनाशी ठरवा. हे पोकळ वाटेल, पण २००७ मध्ये अमेरिकेत कर्ट ह्यूगनबर्ग आणि सहकाऱ्यांनी गोऱ्या विद्यार्थ्यांना चेहरे दाखवण्याआधी एवढीच सूचना दिली, तेव्हा गोरे आणि कृष्णवर्णीय चेहरे ओळखण्यातला फरक उरला नाही.

मग त्या माणसाला ‘आपल्यात’ घ्या. आपल्या टीममधला, आपल्याच बसने येणारा. त्याच वर्षीच्या दुसऱ्या प्रयोगात सगळे चेहरे गोरेच होते, तरी ‘आपल्या विद्यापीठाचे’ म्हणून दाखवलेले जास्त लक्षात राहिले.

आता बघायचं काय? आपली सवय गोरा, सावळा, गव्हाळ, मिशीवाला, टिकलीवाली अशी. जिथे सगळ्यांचेच केस काळे नि सरळ, तिथे ‘काळ्या केसांची ती’ म्हणून काय उपयोग? भुवयांमधलं अंतर बघा, कानांची ठेवण, नाक आणि वरच्या ओठामधली जागा, हनुवटी. चष्म्यावर विसंबू नका, तो बदलतो.

संध्याकाळी डोळे मिटून तो चेहरा समोर आणा. नाव आणि काय बोलणं झालं ते वहीत टिपा, पण चेहऱ्याचं वर्णन लिहीत बसू नका; शब्दांत मांडलेला चेहरा पुढे ओळखायला अवघड जातो, असं १९९० च्या एका संशोधनात दिसलं.

पोलिसांसमोर ओळख पटवायची वेळ आली, तर मात्र यातल्या कशाचाही भरवसा धरू नका. खात्री नसेल तर तसंच सांगा. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात १९८४ मध्ये अत्याचार होत असताना एका गोऱ्या तरुणीने हल्लेखोराचा चेहरा जाणीवपूर्वक निरखला होता. तिने पूर्ण खात्रीने ओळखलेला रोनाल्ड कॉटन हा कृष्णवर्णीय तरुण निर्दोष होता. डीएनए चाचणीमुळे तो सुटला १९९५ मध्ये, दहा वर्षांहून जास्त काळ तुरुंगात काढल्यावर.