आपलं यादव घराणं नेमकं कुठलं, हे कसं शोधायचं

आडनाव यादव म्हटलं की कोणीतरी लगेच सांगतं, आपण देवगिरीच्या यादवांचे वंशज. असूही शकतं, पण शोध तिथून सुरू करायचा नाही, आजोबांपासून एकेक पिढी मागे जायचं.

आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना गाठा. मूळ गाव कुठलं, कुलदैवत, देवक, आणि सोयरिकी कोणत्या आडनावांत होतात. सोयरिकीचं नीट विचारा, कारण महाराष्ट्रात यादव मराठ्यांतही आहेत, गवळ्यांतही आहेत, आणि यूपी-बिहारकडून आलेले यादव बहुतेक अहीर-ग्वाले, त्यांचे नातेसंबंध पूर्ण वेगळे.

मग कागद. पणजोबांचा शाळेचा प्रवेश निर्गम उतारा काढा, तहसीलच्या रेकॉर्ड रूममधे कोतवाल बुक म्हणजे गाव नमुना १४ मागा, त्यात जन्म-मृत्यूच्या नोंदीत जातही लिहिलेली असते, फक्त जुनी पानं मोडीत असतात म्हणून मोडी वाचणारा सोबत न्याच. ओबीसी दाखल्यासाठी शोधत असाल तर १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा बघा. नाशिक-त्र्यंबकला गेलात तर तीर्थोपाध्यायांकडे गाव आणि आडनाव सांगा, ते यात्रेकरूंच्या नोंदींची चोपडी काढतात, कधीकधी त्यात आपल्याच खापरपणजोबांची सही किंवा अंगठा सापडतो, अंगावर काटा येतो अगदी.

आता जातीच्या रकान्यात गवळी किंवा अहीर निघालं तर नाराज अजिबात होऊ नका. उत्तरेत अहीर, ग्वाला, गोप अशा गुरं राखणाऱ्या, शेती करणाऱ्या जातींनी एकत्र येऊन यादव ही ओळख घेतली, १९२४ ला अलाहाबादला अखिल भारतीय यादव महासभा उभी राहिली, बिहारमधे जानवं घालायला लागले म्हणून जमीनदारांनी हल्ले केले तरी लोक मागे हटले नाहीत. मानाने जगण्यासाठी दिलेली लढाई आहे ती. आणि जुनेपणाच हवा असेल तर आभीर, म्हणजे ज्यांच्याशी अहिरांचं नातं सांगितलं जातं, त्यांचा राजा ईश्वरसेन, त्याचा शिलालेख नाशिकच्या पांडवलेण्यातच आहे, जाऊन बघा, मात्र त्याच्यापासून आपल्यापर्यंत सरळ रेघ ओढू नका.

देवगिरीचंही तेच. ते राज्य चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला बुडालं, आपले कागद बहुतेक एकोणिसाव्या शतकापर्यंतच जातात, मधल्या पाचशे वर्षांचा पुरावा लागतो. सिंदखेडराजाचे जाधव तो वारसा सांगतात, त्यांच्या घराण्याशी नातं लावायचं असेल तर दोन्हीकडच्या वंशावळी शेजारी ठेवून एकेक नाव जुळवा, आणि व्हॉट्सअॅपवर आलेली वंशावळ असेल तर पाठवणाऱ्याला आधी मूळ कागदाचा फोटो मागा.