गटाने बायबल अभ्यास सुरू करताय? फिलेमोनाच्या पत्रापासून करा

नवा गट जमला की कुणीतरी हमखास प्रकटीकरण, म्हणजे बायबलचं शेवटचं पुस्तक, सुचवतं. तिकडे एवढ्यात वळू नका. बायबलच्या नव्या करारातलं, प्रेषित पौलाने फिलेमोनाला लिहिलेलं पत्र घ्या. एकच अध्याय, २५ वचनं. एका बैठकीत पुरं होतं. शिवाय दुसऱ्याच वचनात फिलेमोनाच्या घरी जमणाऱ्या मंडळीला सलाम आहे, म्हणजे हे पत्र मुळात अशाच बैठकीत पोहोचलेलं.

आधी एकाने सगळं मोठ्याने वाचावं. मग दुसऱ्याने दुसऱ्या भाषांतरातून वाचावं आणि बाकीच्यांनी पुस्तक मिटून नुसतं ऐकावं. लगेच ‘यातून आपण काय शिकतो’कडे धावू नका. कोण कुठून लिहितोय, काय मागतोय, हे आधी शोधा. पौल तुरुंगात आहे, अनेसिम हा दास मालकाकडे, म्हणजे फिलेमोनाकडे, परत निघालाय. १८व्या वचनात पौल त्याचं देणं स्वतःच्या नावावर मांडायला सांगतो, १९व्यात ‘मी भरीन’ असं स्वहस्ते लिहून देतो. इथे रेंगाळा. ही विनंती की गोड दडपण? वाद रंगू द्या.

फिलेमोनाने पुढे काय केलं, ते पत्रात नाही. तो प्रश्न शेवटी टाका. पाळकसाहेब हजर असतील तर त्यांना सगळ्यांत शेवटी बोलायची विनंती करा, नाहीतर चर्चेचं प्रवचन होतं.