अफिलिएटचं कमिशन आलं, पण गेलं कुठे? नेटवर्कला जोड देताना या चुका टाळा

नेटवर्क मार्केटिंगमधलं, म्हणजे कंपनीचा माल विकत आपल्या हाताखाली नवे विक्रेते जोडण्याच्या धंद्यातलं, पहिलं वर्ष एका विचित्र हिशेबावर चालतं. खर्च ठरलेल्या तारखेला होतो आणि कमाई ‘टीम उभी राहिली की’ होणार असते. मधल्या काळात तग धरायला अफिलिएट मार्केटिंगची जोड द्यावी, हा विचार मला आजही पटतो. कुणाला जॉइन करून घ्यायचं नाही, माल साठवायचा नाही, लिंकवरून विक्री झाली की कमिशन. मीही तेच केलं. सहा महिन्यांनी वही उघडली तेव्हा कपाटात शांपूच्या बाटल्यांची रांग होती आणि खात्यात जवळपास काहीच नव्हतं. कमिशन आलं होतं, अगदी नियमित आलं होतं. ते राहिलं मात्र नव्हतं.

दोन धंदे, एकच गल्ला

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच, आणि ती चूक आहे हे कळतसुद्धा नाही. बहुतेक प्लॅनमध्ये ‘ॲक्टिव्ह’ राहण्यासाठी दरमहा ठरावीक पीव्हीची (‘पॉइंट व्हॅल्यू’, म्हणजे कंपनीच्या मालावर मिळणारे गुण) खरेदी करावी लागते. समजा या अटीपायी 100 रुपये जातात. या महिन्यात अफिलिएटचे 60 आले, नेटवर्कचे 25 आले. अपलाइन, म्हणजे आपल्याला जॉइन करून घेणारी, खूश होऊन सांगते, “बघ, 85 निघाले. खिशातून फक्त 15!”

आता हेच दोन रकान्यांत लिहा. नेटवर्क: आले 25, गेले 100, तोटा 75. अफिलिएट: आले 60, गेलं जवळजवळ काही नाही. म्हणजे चालणारा धंदा न चालणाऱ्याला पोसतोय, आणि एकत्र बेरजेमुळे न चालणारा ‘जवळजवळ सुटला’ असं वाटतंय. शिवाय सेमिनारचं तिकीट, प्रवास, जाहिरात यांचा खर्च त्या 100 मध्ये धरलेलाच नाही.

अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (व्यापारावर नजर ठेवणारी सरकारी संस्था) 2024 मध्ये अशा कंपन्यांनी स्वतःच जाहीर केलेली 70 उत्पन्नपत्रकं तपासली. बहुतेक सभासदांची कमाई वर्षाला 1000 डॉलर किंवा त्याहून कमी निघाली. त्यातही बहुतेक पत्रकांत सभासदांचा खर्च धरलेला नव्हता. तेव्हा पहिल्या दिवसापासून वही वेगळी ठेवा, जमलं तर बँक खातंही वेगळं ठेवा. अफिलिएटच्या पैशातून अफिलिएटचाच खर्च भागवा. पीव्हीची अट नसती तर जी वस्तू घेतली नसती, ती ‘घरखर्च’ म्हणून लिहू नका, धंद्याच्या खर्चात लिहा. नेटवर्कचा रकाना किती महिने तोट्यात चालवायचा तेही आधीच ठरवून तारीख लिहून ठेवा. सेमिनारहून परतल्यावर ठरवायला बसाल तर ती तारीख पुढेच ढकलली जाईल.

क्लिक दिसतात, कमिशन दिसत नाही

इथे माणसं उगाच स्वतःला दोष देतात. आधी यंत्रणा तपासा.

अ‍ॅमेझॉनचा अफिलिएट कार्यक्रम 1996 पासून चालू आहे आणि बहुतेक नवखे तिथूनच सुरुवात करतात, म्हणून उदाहरण त्याचंच घेते. तुमच्या लिंकवर कुणी आलं की साधारण 24 तासांची मुदत सुरू होते. त्या वेळेत वस्तू कार्टमध्ये टाकली तर पुढे खरेदीसाठी जास्त दिवस मिळतात. नुसतं बघून बाहेर पडलेला माणूस चार दिवसांनी स्वतःहून परत येऊन खरेदी करतो, तेव्हा तुम्हाला काहीच मिळत नाही. मध्ये त्याने दुसऱ्या कुणाच्या लिंकवर बोट ठेवलं असेल, तर विक्री त्याच्या नावावर जाते. म्हणून ‘पगार झाला की घेते’ म्हणणाऱ्या मैत्रिणीला लिंक आज पाठवू नका, तिच्या पगाराच्या दिवशी पाठवा.

दुसरी तपासणी पाच मिनिटांची आहे. ज्या ग्रुपमध्ये लिंक टाकली, तिथूनच दुसऱ्याच्या फोनवर ती उघडा. पान उघडल्यावर पत्त्याची शेपटी वाचा. त्यात तुमची ओळखखूण दिसायला हवी. माझी लिंक पुढे पाठवताना कुणीतरी शेपटी कापून ‘स्वच्छ’ केली होती. वस्तू विकली गेली, आभारही आले, कमिशन शून्य.

तिसरी गोष्ट म्हणजे स्वतःच्याच लिंकवरून केलेली खरेदी. ती अ‍ॅमेझॉन धरत नाही, आणि घरच्यांना, टीमला ‘माझ्या लिंकवरून घ्या, पैसे वाटून घेऊ’ असं सांगणं खातं बंद पडण्याचा सरळ रस्ता आहे. नेटवर्कमधून आलेल्या माणसाला ही सवय फार लवकर लागते, कारण तिथे स्वतःची खरेदी हाच पाया असतो. इकडे खरा गिऱ्हाईक बाहेरचाच लागतो. नवीन खात्याला 180 दिवसांत 3 पात्र विक्र्या दाखवाव्या लागतात, नाहीतर खातं बंद.

डॅशबोर्डवरचा आकडा हातात यायलाही वेळ लागतो. महिना संपल्यावर साधारण 60 दिवसांनी पैसे मिळतात, आणि परत आलेल्या वस्तूंचं कमिशन वजा होतं. त्या आकड्यावर विसंबून चालू महिन्याची पीव्ही भरली की उधारी सुरू झालीच म्हणून समजा. दरही कायमचे नसतात. एप्रिल 2020 मध्ये अ‍ॅमेझॉनने अनेक प्रकारच्या वस्तूंचे दर एकदम उतरवले, तेव्हा एकाच कार्यक्रमावर विसंबलेल्यांची महिन्याची मिळकत एका पत्रावर खाली आली.

लिंकच्या आडून प्लॅन

कुणीतरी विचारलं, “मिक्सर कोणता चांगला?” तुम्ही नीट उत्तर दिलंत, लिंकही दिलीत. तिसऱ्या दिवशी त्याच माणसाला तुमचा मेसेज: “एक छान संधी आहे, रविवारी झूमवर याल?” संपलं. पुढच्या वेळी तो मिक्सरबद्दलही विचारणार नाही.

अफिलिएटचा सगळा भाव ‘ही व्यक्ती खरं सांगते’ यावर टिकतो. त्याची उधारी नेटवर्कसाठी काढलीत की दोन्हीकडे नुकसान. माझा नियम एकेरी आहे: वस्तूसाठी आलेल्या माणसाशी वस्तूबद्दलच बोलायचं. धंद्याबद्दल त्याने स्वतःहून विचारलं, तरच सांगायचं. लिंकमधून मला कमिशन मिळतं हे लिंकच्या वरच लिहायचं, खाली बारीक अक्षरात नाही. बहुतेक कार्यक्रमांची तशी अटच असते. माझा अनुभव असा की त्यामुळे क्लिक फारसे घटत नाहीत.

अफिलिएटच्या कपड्यातलं तेच

जोडधंदा शोधताना हमखास समोर येतात ते ‘ऑनलाइन कमाई कशी करावी’ शिकवणारे कोर्स. कमिशन भरघोस. पण तो कोर्स घेतो कोण? जो पुढे तोच कोर्स विकणार आहे तो. मग हा जोडधंदा कसला, आधीच्याच शिडीला आणखी एक शिडी टेकवली एवढंच.

ओळखायची कसोटी जुनी आहे. 1975 च्या कॉस्कॉट या कंपनीच्या प्रकरणात फेडरल ट्रेड कमिशनने पिरॅमिडची, म्हणजे नव्या माणसांच्या पैशावर चालणाऱ्या फसव्या योजनेची, खूण सांगितली: पैसे भरून विकण्याचा हक्क मिळतो, आणि नवी माणसं आणल्याबद्दलचा मोबदला खऱ्या ग्राहकांना होणाऱ्या विक्रीशी जोडलेला नसतो. 1979 च्या अ‍ॅमवे निकालात कंपनीच्या बाजूने पडले ते नियम असे: न विकलेला माल परत घेणं, नवी ऑर्डर देण्याआधी 70 टक्के माल विकलेला असणं, आणि दर महिन्याला 10 वेगवेगळ्या ग्राहकांना विक्री. नियम कंपनीसाठी होते, पण स्वतःला विचारायलाही उपयोगी आहेत. धंद्यात नसलेल्या दहा माणसांनी या महिन्यात माझ्याकडून काही घेतलं का? उत्तर ‘नाही’ असेल तर अडचण लिंकमध्ये नाही, मालात आहे. अफिलिएटची जोड ती फक्त झाकते. आणि प्रत्येकाने ‘फक्त सहा’ आणायचे म्हटलं तर तेराव्या पायरीवर 1306 कोटी माणसं लागतात. एवढी पृथ्वीवर नाहीत.

सहीच्या आधी

नेटवर्क कंपनीचा करार एकदा पूर्ण वाचा. अनेक करारांत स्पर्धकांच्या वस्तू आपल्या टीमला सुचवायला आणि कंपनीचा माल ऑनलाइन बाजारात विकायला बंदी असते. तुम्ही निरागसपणे टाकलेली दुसऱ्या फेसवॉशची लिंक करारभंग ठरू शकते. त्यातून सुटायचा सोपा मार्ग म्हणजे अफिलिएटसाठी वेगळाच प्रकार निवडा: कंपनी सौंदर्यप्रसाधनं विकत असेल तर तुम्ही पुस्तकं, अवजारं, सॉफ्टवेअर सुचवा.

टीमला हे शिकवायचं असेल तर सगळ्यांना एकच वस्तू देऊ नका. आमच्याकडे सहा जणींनी एकाच ग्रुपवर एकाच दिवशी एकाच कुकरच्या सहा लिंका टाकल्या होत्या. कुकर एकीनेच घेतला, तोही दुकानातून.