भाषणात आवाज पडतो? या चुका टाळा

गणपती, शिवजयंती, कडोली-उचगावची साहित्य संमेलनं, शाळेचं गॅदरिंग. आपल्या बेळगाव-खानापूर भागात माइक कधी हातात येईल सांगता येत नाही. कट्ट्यावर तासन्‌तास बोलणारा माणूसही तिथं गप्प होतो. भीती घालवायच्या नादी लागू नका, ती असणारच. आवाजात ती कुठून शिरते तेवढं बघा.

बहुतेकदा ती वाक्याच्या शेवटी शिरते. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि नेमका तिथंच आपला श्वास संपलेला असतो. ‘मंडळ यंदा डॉल्बी लावणार नाही’ यातलं ‘नाही’ गिळलं, तर मागच्या रांगेतली पोरं डॉल्बी लागणार म्हणून खुशीत घरी जातात! घाबरलं की श्वास उथळ होतो आणि आपण एका दमात तीन वाक्यं रेटतो. म्हणून वाक्यं तोडा. शेवटचा शब्द मागच्या रांगेकडे बघून पूर्ण म्हणा, श्वास घ्या, मगच पुढचं. मधली शांतता तुम्हाला फार लांब वाटेल, समोरच्यांना जाणवणारही नाही. घरी फोनवर रेकॉर्ड करा आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवून ऐका. वाक्यांचे शेवट तिथवर पोचतात का, एवढंच तपासायचं.

‘मी काही वक्ता नाही, त्यात आमचं बेळगावचं मराठी...’ अशी सुरुवात नको. लोक मग चुकाच मोजत बसतात. पुण्याची ढबही उसनी आणू नका, लक्ष उच्चारांकडे जातं आणि मुद्दा निसटतो. १९४६ च्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव याच बेळगावात झाला. इथल्या बोलीला कसली लाज?

अख्खं भाषण पाठ केलं की एक शब्द विसरला तरी गाडी अडते. पहिलं आणि शेवटचं वाक्य पक्कं करा, मधले मुद्दे चिठ्ठीवर. पाहुण्यांची नावं मात्र मोठ्या अक्षरात लिहूनच घ्या.

माइक तोंडापासून चार बोटं. लांब धरला की ओरडावं लागतं आणि आवाज चिरकतो. साउंडवाल्याला आधीच सांगा, ‘एको कमी कर बाबा.’ भजनाला तो शोभतो, भाषणात शब्दावर शब्द चढतो.

समोर कन्नड अधिकारी असले की घाईत दोन्ही भाषांची खिचडी होते. त्यापेक्षा ‘एल्लरिगू नमस्कार’ (सगळ्यांना नमस्कार) एवढं कन्नडमध्ये स्वच्छ म्हणावं आणि सरळ मराठीत शिरावं. कन्नड येत असेल तर सर्व्हे नंबर, रक्कम, तारीख तेवढी दोन्ही भाषांत सांगावी.

आणि ‘एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवतो’ म्हटल्यावर खरोखर संपवा. त्यानंतर आठवलेला मुद्दा खाली उतरून चहाच्या वेळी सांगितला तरी चालतो.