अमेरिकेतल्या ग्रामीण काउंटीत सरकारी हमीचं गृहकर्ज कसं घ्यावं

इंडियाना राज्यातलं कोलंबस हे कमिन्स या इंजिन कंपनीमुळे पुण्यातल्या कितीतरी घरांना ओळखीचं. तिथे स्थिरावलेलं मराठी कुटुंब घर शोधू लागलं की बहुतेकदा डाउन पेमेंटपाशी अडतं. पण शहराची हद्द ओलांडली की त्याच बार्थोलोम्यू काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, डाउन पेमेंटशिवाय घर घेण्याची सोय आहे. १९४९ च्या गृहनिर्माण कायद्याच्या कलम ५०२ खाली अमेरिकेचं कृषी खातं या कर्जाला हमी देतं. खात्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून बोलताना सगळे त्याला यूएसडीए लोन म्हणतात. पैसे बँक किंवा मॉर्गेज कंपनीच देते. कर्ज बुडालं तर तिचं नुकसान ठरावीक मर्यादेपर्यंत सरकार भरून देतं. म्हणजे हमी लेंडरला, कर्ज देणाऱ्याला आहे, तुम्हाला नाही; हप्ता चुकला तर घर जाऊ शकतं.

घर बघायला निघण्याआधी तीन गोष्टी तपासा.

पहिली, तुमचा व्हिसा. हे कर्ज नागरिकांना आणि ग्रीन कार्डधारकांना मिळतं. एच-१बी वर असाल तर इथेच थांबा. २५ मे २०२५ पासून एफएचए कर्जही (सरकारी विमा असलेलं दुसरं गृहकर्ज) कायम निवासी नसलेल्यांना बंद झालं आहे, त्यामुळे तुमच्यासाठी सरकारी हमी नसलेलं साधं, म्हणजे कन्व्हेन्शनल कर्जच उरतं. एजंट काहीही सांगो, हे आधी लेंडरकडून पक्कं करून घ्या.

दुसरी, जागा. कृषी खात्याच्या संकेतस्थळावर नकाशा आहे, त्यात घराचा पूर्ण पत्ता टाका. ३५ हजारांहून जास्त वस्तीचं शहर बसत नाही, म्हणून खुद्द कोलंबस बाद. होपसारखं दोन-अडीच हजार वस्तीचं गाव बसतं. हद्दीजवळच्या घरांबाबत अंदाज चालत नाही, प्रत्येक पत्ता वेगळा तपासा.

तिसरी, उत्पन्न. सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो. मर्यादा त्या भागाच्या मध्यम उत्पन्नाच्या ११५ टक्के असते. २०२५ मध्ये बहुतेक काउंट्यांत एक ते चार माणसांच्या कुटुंबासाठी ती १,१९,८५० डॉलर होती. मोजताना घरातल्या सगळ्या प्रौढांची कमाई धरतात, कर्जावर नाव कोणाचंही असो. नवरा एकटाच अर्ज करत असला तरी बायकोचा पगार मोजला जातो. तुमच्याकडे कायम राहणाऱ्या आईबाबांपैकी कोणी दुकानात अर्धवेळ काम करत असेल तर तेही सांगावं लागतं. लपवू नका, कागदपत्रांत ते दिसतंच. उलट वजावटीही मिळतात: १८ वर्षांखालच्या प्रत्येक मुलामागे ४८० डॉलर, शिवाय नोकरीसाठी भरावा लागणारा पाळणाघराचा खर्च. मर्यादेच्या थोडं वर असाल तर हा हिशेब नीट मांडायला सांगा. दोन इंजिनिअर कमावते असतील तर हे कर्ज बहुधा मिळणार नाही. ते आहे एका पगारावरच्या घरासाठी, शिक्षक, नर्स, कारखान्यातल्या तंत्रज्ञासाठी.

यानंतर यूएसडीए कर्ज नेहमी करणारा लेंडर शोधा. सगळेच करत नाहीत. दोन-तीन ठिकाणी दर विचारून प्री-अप्रूव्हल, म्हणजे किती कर्ज मिळेल याची आगाऊ मंजुरी घ्या. ढोबळ नियम असा की कर आणि विमा धरून घराचा हप्ता करपूर्व उत्पन्नाच्या २९ टक्क्यांत आणि गाडी, क्रेडिट कार्ड धरून सगळी देणी ४१ टक्क्यांत बसावीत. महिना ६,००० डॉलर कमावणाऱ्याला म्हणजे १,७४० आणि २,४६०. क्रेडिट स्कोर ६४० किंवा वर असेल तर काम सोपं जातं.

खर्च काय? सुरुवातीला कर्जाच्या १ टक्का हमी शुल्क, जे कर्जातच मिळवता येतं, आणि दरवर्षी शिल्लक रकमेवर ०.३५ टक्के. अडीच लाखांच्या कर्जावर हे साधारण अडीच हजार आणि पहिल्या वर्षी महिना सुमारे ७३ डॉलर. त्याच किमतीच्या घराला एफएचएमध्ये ३.५ टक्के, म्हणजे ८,७५० डॉलर रोख हातात लागतात, शिवाय १.७५ टक्के सुरुवातीचा विमा हप्ता. व्याज ठरलेलं, मुदत ३० वर्षं. अमेरिकी सैन्यात नोकरी केलेल्यांनी माजी सैनिकांसाठीचं व्हीए कर्ज आधी पाहावं. उत्पन्न फारच कमी असेल तर कृषी खातं स्वतःच थेट कर्ज देतं, त्याचा अर्ज खात्याच्याच रूरल डेव्हलपमेंट विभागाच्या स्थानिक कार्यालयात करायचा.

घर निवडताना गावाकडची दोन दुखणी लक्षात ठेवा: बोअरचं पाणी आणि सेप्टिक टँक. खासगी बोअर असेल तर पाण्याची प्रयोगशाळेत तपासणी करावी लागते. अप्रेझर घराची किंमत ठरवतो, छत आणि पाइप तपासणारा इन्स्पेक्टर वेगळा. त्याचे काहीशे डॉलर वाचवू नका. घर ताब्यात घेण्याआधी हजारोंचा दोष सापडू शकतो. घर राहण्यासाठीच हवं, भाड्यानं देण्यासाठी किंवा कमाईच्या शेतीसाठी नाही.

लेंडरनं मंजुरी दिली तरी फाइल पुन्हा कृषी खात्याकडे जाते आणि तिथून हमीचं पत्र आल्याशिवाय क्लोजिंग, म्हणजे घर नावावर होण्याचा शेवटचा व्यवहार, होत नाही. विक्रेत्याशी करार करताना तारखेत ही सवड ठेवा, विशेषतः ऑक्टोबरच्या आसपास. सरकारी वर्ष तेव्हा सुरू होतं आणि अर्थसंकल्प अडला तर ही पत्रंही अडतात. या काळात नवी गाडी कर्जावर घेऊ नका, नोकरी बदलू नका.

किल्ल्या हातात आल्या की काउंटी ऑडिटरकडे होमस्टेडचा, म्हणजे स्वतः राहत्या घराच्या करसवलतीचा अर्ज दिला आहे ना, ते पाहा. इंडियानात स्वतः राहत असलेल्या घरावरचा मालमत्ता कर त्यामुळे मूल्याच्या १ टक्क्यावर रोखला जातो.